बंदुकीचा परवाना आणि १३८ वर्षं न विचारलेला प्रश्न

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरात परवान्याचं हत्यार आहे, किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. त्याचं सराफी दुकान आहे. रात्री दुकान बंद करून रोकड आणि डाग घेऊन घरी जाताना दोनदा कुणीतरी मोटारसायकलवरून त्याचा पाठलाग केला. पोरगा घाबरलाय, आणि त्यात त्याची चूक नाही. शस्त्र परवान्यासाठी अर्ज करायचं चाललंय. चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच म्हणाला, "मामा, रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल?"

मी विचारलं, "आजवर एक तरी गोळी झाडलीयस का?"

"नाही."

"मग शिकणार कुठं?"

"त्यात काय शिकायचं? दुकानदार दाखवतोच की. आणि ते ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतंय म्हणे, ते एजंट आणून देतो. आपल्याला जायला लागत नाही."

माझी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि त्यातली सोळा वर्षं एनसीसीचा ट्रूप सांभाळला. पोरांच्या हातात पॉइंट टू टू रायफल द्यायच्या आधी आठ-आठ दिवस नुसती रिकामी रायफल हाताळायला लावायचो. त्यामुळे भाच्यावर खेकसणारच होतो, पण थांबलो. कारण 'त्यात काय शिकायचं' हे त्याचं एकट्याचं मत नाही. आपल्याकडचा कायदाच कितीतरी वर्षं असाच वागला. तो कसा, हे आज सांगतो.

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला, हे आपल्याला माहीत आहे. त्यानंतर काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. इंग्रजांनी हत्यारं जमा करायचा कायदाच काढला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला, तेव्हा नोव्हेंबर १८५७ मध्ये फौज पाठवून ते गाव जाळलं. तोवर घरात तलवार, भाला, तोड्याची बंदूक असणं यात आपल्या मुलखात नवल नव्हतं. वापरायचं कसं हे बाप मुलाला शिकवायचा, तालमीत वस्ताद शिकवायचा. हत्यार आणि शिकवणी एकाच घरात नांदत होती.

मग १८७८ साल आलं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला आणि त्याच वर्षी शस्त्र कायदा आला. आता हत्यार बाळगायला परवाना लागणार. पण सगळ्यांना नाही! युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट होती. आपल्या लोकांत कूर्गच्या कोडवांसारखे थोडे अपवाद सोडले, तर बाकीच्यांनी साहेबाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं. (कोडवांची ती सवलत आजही चालू आहे.)

हा कायदा नीट बघितला की एक गोष्ट ध्यानात येते. त्यात साहेबाला एकच चिंता होती, ती म्हणजे हा माणूस आपल्यावर उलटणार तर नाही ना? परवाना द्यायचा तो भरवशाच्या माणसाला. इनामदार, सावकार, सरकारशी राजीखुशीने असणारा. त्याला बंदूक धरता येते का, घरात लहान मुलं आहेत तर तो ती कशी ठेवणार, याच्याशी साहेबाला देणंघेणं नव्हतं. उलट नेटिव्ह लोक नेमबाजी शिकले नाहीत तर बरंच, हाच विचार होता. १८८५ च्या सुमारास सुशिक्षित हिंदी लोकांनी मागणी केली की आम्हालाही स्वयंसेवक पलटणीत घ्या, कवायत आणि रायफल शिकवा. सरकारने दाद दिली नाही.

त्याच साम्राज्याच्या राजधानीत काय चाललं होतं, ते बघा. १९०९ साल. मदनलाल धिंग्रा लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकत होते. जानेवारीत त्यांनी तिथल्या एका मोठ्या दुकानातून, उघड उघड, कोल्ट पिस्तूल विकत घेतलं. तिकडे १९०३ चा पिस्तूल कायदा होता, पण पोस्टात दहा शिलिंग भरून परवाना मिळायचा. पुढे टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका शूटिंग रेंजवर ते आठवड्यातून दोन-तीनदा सराव करायला जायचे. हे आपल्याला कळतं ते त्या रेंजच्या मालकाने खटल्यात दिलेल्या साक्षीवरून. १ जुलैला त्यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेही पिस्तूल लंडनहूनच आलेलं. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, ती पेटीला खोटा तळ करून त्यात लपवून.

त्या घटनांबद्दल तुमचं मत काहीही असो, मी ते इथे काढत नाही. मला दिसतो तो फरक एवढाच: हिंदी माणसाला लंडनमध्ये पिस्तूल काउंटरवर मिळत होतं आणि शिकायला रेंज होती. नाशिकमध्ये तेच पिस्तूल पेटीच्या तळातून येत होतं. लपवून आणलेल्या हत्याराची शिकवणी उघड्यावर होत नसते. एका पिढीच्या मनात हत्यार म्हणजे लपवायची वस्तू किंवा मिरवायची वस्तू एवढंच बसलं. शिकायची वस्तू ही तिसरी गोष्ट पुसली गेली.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. कारण साधं होतं. रानडुकरं पिकं खातात, वाघ जनावरं मारतो आणि शेतकऱ्याच्या हातात काठी. गांधीजी अहिंसेचे पुजारी, पण संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्यावर त्यांनीही कडक टीका केली. पहिल्या महायुद्धानंतर वंशावरून दिलेल्या सवलती गेल्या. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्कही होता.

मग डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हा विषय आला. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगायचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, कुणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विनाअडथळा विकत घेऊ लागला, तर राज्याने कारभार चालवायचा कसा? दुरुस्ती पडली. मला विचाराल तर बाबासाहेबांचं बरोबर होतं. हत्यार हा हक्क नव्हे, जबाबदारी आहे.

पण जबाबदारी म्हटली की ती पेलता यायला पाहिजे. इथेच आपली गाडी अडली.

१९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. अर्ज द्या, पोलीस चौकशी होईल, गुन्हा नको, कारण पटलं पाहिजे. साहेब गेला, कलेक्टर आपला झाला, पण प्रश्न तोच राहिला: "हा माणूस भरवशाचा आहे का?" "याला हत्यार हाताळता येतं का?" हा प्रश्न देशभराच्या नियमांत आलाच नाही. एखाद्या जिल्ह्यात एखादा अधिकारी आपणहून विचारत असेल, ते वेगळं.

गंमत म्हणजे याच काळात शिकवायची सोय आपल्या देशात उभी राहत होती. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड सुरू झालं. १९४८ मध्ये एनसीसी आली. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मराठी माणूस, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांच्या नावाची मावळंकर नेमबाजी स्पर्धा आजही होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर तर काही वर्षं कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची होती.

म्हणजे देशात दोन रांगा लागल्या. एका रांगेत हजारो पोरं-पोरी नेमबाजी शिकत होती, पण त्यांच्या घरी बंदूक नव्हती. दुसऱ्या रांगेत घरी बंदूक असलेली माणसं होती, ज्यांना कुणी कधी काही शिकवलं नव्हतं. या दोन रांगा एकमेकांना कुठे भेटल्याच नाहीत.

त्या न भेटण्याची किंमत आमच्या घरात मोजली गेलीय. म्हणून तर हे सगळं लिहितोय.

आमचं मूळ गाव जंगलपट्ट्यात. गवे, डुकरं रात्रीत शेत साफ करायची. आजोबांच्या धाकट्या भावाकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे बंदूक जागची हलायची ती पावसाळ्यात राखणीला, खंडेनवमीला पूजेला आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला. १९६७ ची खंडेनवमी. बंदूक खुंटीवरून काढली. पावसाळ्यात डुकरांसाठी ठासलेली, ती तशीच होती. केपही वरच राहिलेली. पुसताना फडकं घोड्यात अडकलं आणि बार उडाला. समोर उंबऱ्यात माझी आत्या बसली होती, नऊ वर्षांची. छर्रे घोट्यात गेले.

आत्या वाचली. पण पाय कायमचा गेला. शाळा सुटली, कारण शाळा नदीपलीकडे. लग्नाचं काय काय झालं ते इथे लिहीत नाही. आज तिची साठी केव्हाच उलटलीय, आणि अजून फटाका वाजला की ती आधी पाय पोटाशी घेते.

चौकशी झाली तेव्हा काय बघितलं गेलं माहितेय? परवाना आहे का? आहे. नूतनीकरण झालंय का? झालंय. संपलं. काका-आजोबा वाईट माणूस नव्हते, दारुडे नव्हते, भरवशाचेच होते. फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ठासणीची बंदूक भरलेली आहे का हे वरून दिसत नाही. गज नळीत सोडायचा, किती आत जातो ते बघायचं. नळीच्या लांबीपेक्षा कमी गेला, तर आत काहीतरी आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. ते अर्धं मिनिट न शिकवल्यामुळे एका मुलीचं आयुष्य लंगडं झालं.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पेपरात बातम्या आल्या त्या वजनाच्या, किमतीच्या आणि डब्याच्या. ते घेणारी बाई शिकणार कुठे, यावर वाद झालेला माझ्या वाचनात नाही.

शेवटी १५ जुलै २०१६ ला नवे शस्त्र नियम आले. त्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं की अर्जदाराने सुरक्षितता प्रशिक्षण घेतलं पाहिजे. हत्यार सुरक्षित हाताळणं आणि बाळगणं, गोळी झाडायची पद्धत, देखभाल, घरात ठेवणं आणि नेणं-आणणं, हे सगळं त्यात आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं. १८७८ ते २०१६. १३८ वर्षांनी कायद्याने योग्य प्रश्न विचारला! पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतील असं केलं, आणि लग्ना-वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

आणि आम्ही काय केलं? त्या प्रश्नाचं उत्तर एजंटकडून विकत घ्यायला लागलो.

हे भाच्याला सांगितलं. आत्याची गोष्ट त्याला माहीत होती, पण बार कसा उडाला ते माहीत नव्हतं. गप्प झाला. म्हटलं, "चल रविवारी."

आपलं कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचं गाव. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून ऑलिंपिक पदक आणलं. आणि याच जिल्ह्यातला माणूस पिस्तूल घ्यायला निघतो तेव्हा म्हणतो, "दुकानदार दाखवतोच की"! याला काय म्हणायचं?

रेंजवर माझी एक जुनी एनसीसीची विद्यार्थिनी आता शिकवते. तिने पहिला पाऊण तास भाच्याला पिस्तुलाला हात लावू दिला नाही. चार गोष्टी तोंडपाठ करून घेतल्या. एक, प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. दोन, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवायची नाही. तीन, नेम धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर नाही, बाहेर सरळ. चार, आपण कशावर झाडतोय आणि त्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय झाडायचं नाही.

मग तिने रिकामं स्पोर्ट पिस्तूल घेतलं, नकली काडतूस भरलं, मॅगझिन बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "दादा, आता हे रिकामं आहे?"

भाचा म्हणाला, "हो. मॅगझिन काढलंय की."

तिने स्लाइड मागे ओढली. चेंबरमधून काडतूस टुणकन टेबलावर पडलं.

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम चुकला, म्हणजे स्लाइड आधी ओढून मॅगझिन नंतर काढलं, तर नवी गोळी आत जाऊन बसते. 'रिकामं होतं हो' म्हणत झालेले कितीतरी अपघात या एका गोळीचे असतात. दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत हे हाताला वळण लागत नाही.

त्यानंतर एअर पिस्तूल. दहा मीटर. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. भाच्याचे पहिले पाच छर्रे: दोन पांढऱ्यावर, दोन काळ्याच्या कडेला आणि एक कागदावर नाहीच. शांत उभं राहून, उजेडात, कुणी पाठलाग करत नसताना. परत येताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तो कागदावर न लागलेला छर्रा रस्त्यावर कुणाला लागला असता?"

मी म्हटलं, "हाच प्रश्न. हा पडला म्हणजे शिकायला सुरुवात झाली."

आता तो दर रविवारी जातो. परवान्याचा अर्ज त्याने मागे घेतलेला नाही, मीही घे म्हणालो नाही. भीती खरी आहे आणि निर्णय त्याचा आहे. पण दरम्यान त्याने दुकान बंद करायची वेळ रोज बदलली, डाग घरी न्यायचे बंद करून दुकानातच मोठी तिजोरी बसवली. हे त्याला पिस्तुलाच्या कॅटलॉगमध्ये सापडलं नसतं.

जाता जाता, पहिलं पिस्तूल घ्यायच्या विचारात असणाऱ्यांसाठी चार शब्द.

आधी शिका, मग अर्ज करा, मग निवडा. ४.५ मिलिमीटरच्या कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे 'परवाना नाही तर शिकू कसं' ही सबब चालत नाही. जिल्ह्यातल्या रायफल क्लबमध्ये जा. शिकवणाऱ्याला सरळ विचारा: प्रमाणपत्र द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का? एका वेळी किती जणांना घेता? रिकामं करणं आणि घरात ठेवणं शिकवता का, की नुसतं झाडायला लावता? पहिल्याच दिवशी हातात भरलेलं पिस्तूल देणाऱ्याकडून उठून या. न जाता सर्टिफिकेट मिळतंय म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.

एक लक्षात ठेवा, परवाना मिळाल्यावर काडतुसं मोजून मिळतात, परवान्यावर संख्या लिहिलेली असते. कुठेही जाऊन सराव करता येत नाही. म्हणजे नंतर शिकू म्हणणारा बहुधा कधीच शिकत नाही.

आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची बंदूक आहे, त्यांनी ती कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. हाताळता येत नसेल तर स्वतः प्रयोग करू नका, जाणकार माणसाकडून तपासून घ्या. येत्या खंडेनवमीला पूजेला काढाल तेव्हा आधी पोरांना बाहेर पाठवा, नळी भिंतीकडे करा आणि ती रिकामी आहे याची खात्री करून मगच फडकं हातात घ्या.

आमच्या आत्याला ही पोस्ट वाचून दाखवली. म्हणाली, "नाव घालू नकोस माझं. पण ते गजाचं घाल. ते सगळ्यांना कळू दे."

घातलंय, आत्या.

तुमच्या गावात, घरात असं काही घडलं असेल तर खाली लिहा. नावं नकोत, पण कसं घडलं ते जरूर लिहा.